घर ही शाळा का झाली होती?

आपल्या शिकलेल्या मंडळींत सध्या एक नवीन चर्चा ऐकू येते. मूल तीन वर्षांचं झालं की नर्सरीत घालायचं नाही, घरीच शिकवायचं. होमस्कूलिंग. औरंगाबादेत सिडको-हडकोकडे राहणारी, दोघंही नोकरी करणारी आपली जोडपी हा विषय काढतात तेव्हा आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्यांची कारणं खरी आहेत. नर्सरीची फी ऐकून माणूस गार पडतो. तीन वर्षांच्या पोराला गृहपाठ देतात. आणि एक कारण चारचौघांत बोललं जात नाही : पोराला आडनाव विचारलं जाईल, डब्यात काय आणलंस ते विचारलं जाईल. हे जितकं उशिरा घडेल तितकं बरं, असं आईबापाला वाटतं.

आमचा आक्षेप आहे तो यासाठी दिल्या जाणाऱ्या इतिहासाच्या दाखल्याला. ‘बाबासाहेबांनाही वडिलांनी घरीच शिकवलं होतं ना!’ हे खरं आहे, पण अर्धंच.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं, असा कंपनीच्या फौजेचा नियम होता. त्या नियमामुळेच अस्पृश्यांच्या काही घरांत अक्षर पोहोचलं. रामजींनी मुलांना पहाटे उठवलं, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं घोकून घेतली, पाठांतर करून घेतलं. पण हे सगळं शाळेऐवजी नव्हतं, शाळेसाठी होतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवाचं नाव लागलं, आणि महाराष्ट्र आज हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. घरच्या अभ्यासाच्या तारखा कुणी जपून ठेवल्या नाहीत. शाळाप्रवेशाची तारीख मात्र इतिहास झाली.

त्या घराचं रोजचं जगणं कसं होतं, हे बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलं आहे. हे छोटं पुस्तक १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापलं. तरुणांनी ते वाचलं नसेल तर आजच वाचावं, दोन-तीन तासांचं काम आहे. साताऱ्यात धोबी होते आणि त्यांना द्यायला पैसेही होते. तरीही कपडे बहिणी धुवायच्या, कारण धोबी या घराच्या कपड्यांना हात लावत नव्हता. न्हावी होते, तरी मुलांचे केस मोठी बहीण कापायची आणि त्यात ती चांगली तरबेज झाली होती. वर्गात बसायचं गोणपाटही रोज घरी न्यावं लागे, कारण शाळा झाडणारा गडी त्याला शिवत नसे. आई गेलेली. वडील दुष्काळी कामावर रोखपाल म्हणून बाहेरगावी. सांभाळायला असलेली आत्या प्रेमळ, पण पायांनी अधू. मग चार पोरं शाळा सांभाळून स्वयंपाक करायची. भाकरी जमायची नाही, म्हणून भात-मटण एकत्र शिजवून पुलाव. तोच रोज.

म्हणजे ते घर लाँड्री होतं, सलून होतं, खानावळ होतं आणि शाळाही होतं. गावाने जे जे नाकारलं ते सगळं घराला करावं लागत होतं. बहिणीने केस कापले याला कुणी ‘होम-सलून’ची परंपरा म्हणत नाही. मग बापाने अक्षर गिरवून घेतलं याला होमस्कूलिंगची परंपरा कशी म्हणायची?

जोतीरावांनी सावित्रीमाईंना घरी शिकवलं. पुढे त्या दोघांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि या कामापायी त्यांना ते घरच सोडावं लागलं.

दुसरा मुद्दा शिकवायचं कुणी, हा. दोघं नोकरीत असतील तर घरी कोण राहणार? उत्तर न विचारताही कळतं. रामजींच्या घरात शिकवणारा बाप होता आणि धुणं-केस-सांभाळणं बहिणींकडे आणि आत्याकडे होतं, हेही नीट पाहा. आज होमस्कूलिंगच्या नावाखाली शिकवणंसुद्धा आईवरच येतं, बाप रविवारी फोटो काढतो. आमच्या मुकुंदवाडीच्या किंवा भावसिंगपुऱ्याच्या बायकांपुढे तर हा प्रश्नच येत नाही. त्या सकाळी सातला धुणीभांड्यांना बाहेर पडतात. त्यांचं तीन वर्षांचं पोर अंगणवाडीत जातं, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर. आणि ती बहीण शाळेतून सुटते ती कायमची.

अंगणवाडी हा शब्द कुठून आला? ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला, पण शहरातलं बालमंदिर गरिबाला परवडणारं नव्हतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ सोबत आल्या. दलित-आदिवासी वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली गेली. पोरांना आंघोळ घालण्यापासून सुरुवात. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. सेविकेला मात्र अजून पगार नाही, ‘मानधन’ आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका संपावर गेल्या तेव्हा आपल्या किती संघटना त्यांच्या मंडपात जाऊन बसल्या?

आता संविधान. मूळ कलम ४५ मध्ये दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असं होतं. खालची वयोमर्यादा नव्हतीच. २३ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ही तरतूद फक्त ‘प्राथमिक’ शिक्षणापुरती करावी, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येणार नाही, मग ते मूल कुठल्या तरी शिक्षणसंस्थेत असलंच पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आणलं. सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क मिळाला, याचा गाजावाजा झाला. सहाच्या आतलं मूल मार्गदर्शक तत्त्वांतच ठेवलं गेलं, म्हणजे हक्काच्या दाराबाहेर. त्याच रिकाम्या जागेत आज नर्सरीचा बाजार उभा आहे, आणि त्या बाजाराला वैतागलेला आपला मध्यमवर्ग घराचं दार लावून घेतो आहे.

घरी शिकवूच नका, असं आम्ही म्हणत नाही. तथागतांनी लहानग्या राहुलाला खोटं बोलण्याबद्दल समजावलं ते भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून. हा उपदेश इतका मोलाचा की सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात त्याची खास शिफारस केली. अशा गोष्टी घरातच शिकवायच्या असतात, आणि आईबरोबर बापानेही.

पण आपल्या वस्त्यांतली विहारं सकाळी नऊ ते बारा बहुतेक बंद असतात, आणि तिथल्या अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. विहार समितीने किल्ली सेविकेकडे द्यायला कुठल्या जीआरची गरज आहे? नोकरीवाल्यांनी आपलंही पोर आठवड्यातले दोन दिवस तिथेच बसवावं. सुट्टीच्या दिवशी बापाने जाऊन गोष्ट सांगावी. आणि येत्या सहा डिसेंबरच्या पत्रकात एक ओळ घालावी : कलम २१-अ मधल्या ‘सहा’च्या जागी ‘तीन’ करा. आजवर आमच्या हाती आलेल्या एकाही पत्रकात ही मागणी नव्हती.

जयभीम.