अ‍ॅनिमेशन लघुपट : श्रम, यंत्र आणि युद्ध

कामगारांची पिळवणूक, माणसाला हटवणारी यंत्रे आणि युद्धखोरी हे विषय अ‍ॅनिमेशन लघुपटात (सचेतनपटात) वारंवार येतात. हा कलाप्रकार मुळात कारखान्याच्या पद्धतीनेच तयार होतो. सेकंदाला बारा चित्रे धरली तरी दहा मिनिटांना ७,२०० चित्रे लागतात. मुख्य चित्रकार हालचालीची टोके काढतो, मधली चित्रे कनिष्ठ भरतात. पूर्वी ती सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर गिरवून रंगवली जात. चालण्याचे एक आवर्तन काढले की तेच पुन्हा पुन्हा वापरायचे, ही काटकसर कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यासमोर उभ्या कामगाराचे जिणे दाखवायला आयतीच कामी येते.

ठळक उदाहरण डिस्नेचा ‘डेर फ्यूरर्स फेस’ (१९४३). नाझी कारखान्यात डोनाल्ड डक सरकत्या पट्ट्यावरच्या तोफगोळ्यांची टोके आवळतो. मध्येच हिटलरची तसबीर आली की हातातले काम सोडून सलाम ठोकतो. गोळ्यांचा आकार बदलत राहतो, वेग वाढतो, शेवटी त्याचे डोके फिरते. लघुपटाला ऑस्कर मिळाले. गंमत अशी, की १९४१ मध्ये याच स्टुडिओच्या चित्रकारांनी पगार आणि संघटनेच्या हक्कासाठी संप केला होता. शत्रूच्या कारखान्यातली पिळवणूक रंगवणे मालकाला केव्हाही सोपे.

नॉर्मन मॅक्लॅरन यांच्या ‘नेबर्स’मध्ये (१९५२) एका फुलावरून दोन शेजारी एकमेकांच्या जिवावर उठतात, यात जिवंत नटांनाच बाहुल्यांसारखे चौकटीगणिक हलवले आहे. अनातोली पेत्रोव यांच्या ‘पोलिगोन’मधला (१९७७) चालकविरहित रणगाडा समोरच्याच्या मनातली भीती ओळखून मारा करतो. अर्जेंटिनाच्या ‘एल एम्प्लेओ’त (२००८) दिवा, टेबल, टॅक्सी सगळी कामे माणसेच करतात, नायक साहेबाच्या दारात पायपुसणे होऊन आडवा पडतो. संवाद एकही नाही. पिळवणुकीवर इतके नेमके लघुपट थोडेच.

महाराष्ट्रात दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ केली. शासकीय पातळीवर १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपट विभाग सुरू झाला. शिकवायला आले ते डिस्नेतलेच क्लेअर वीक्स. त्यांच्या हाताखाली राम मोहन तयार झाले. प्रमोद पती प्रागला यिरी त्र्न्का यांच्याकडे शिकले. सत्तेच्या हाताखाली राबवल्या जाणाऱ्या कलावंतावर त्र्न्कांनी ‘रुका’ (१९६५) केला. पतींना मात्र मुंबईत कुटुंबनियोजनावर ‘क्लॅक्सप्लोजन’ (१९६८) करावा लागला. प्रयोग धाडसी, पण आशय सरकारी. प्रागचे तंत्र इथवर आले, त्याची धार वाटेतच बोथट झाली.

चित्रपटगृहांना मुख्य खेळाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवणे बंधनकारक होते, त्यामुळे जालन्यासारख्या गावचे प्रेक्षकही फिल्म्स डिव्हिजनच्या याच परंपरेवर पोसले. पुढे जालना सळ्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध झाले. भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या, लालभडक लोखंड ओढणारे रूळ, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले मजूर : सचेतनपटाला याहून तयार चित्र मिळणे कठीण.

एकविसाव्या शतकात परदेशी मालिकांचे बरेचसे काम कमी मजुरीमुळे भारतातल्या स्टुडिओंकडे आले. मधली चित्रे भरण्याचे ते काम आता संगणक झपाट्याने आपल्याकडे घेत आहे. सरकारी परंपराही बदलली : २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली.