कोलेस्टेरॉलची गोळी आणि पोटरीतला गोळा

गेल्या महिन्यात बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. का, तर पोटऱ्या दुखतात! वर सकाळी फिरायला येणाऱ्या काकांचा सल्ला : "व्हिटॅमिन डी घ्या, दुखणं पळतं." म्हटलं, हे प्रकरण जरा मुळापासून वाचू.

१९७३ मध्ये जपानच्या सांक्यो कंपनीतल्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या तपासून पहिलं स्टॅटिन शोधलं. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम ते अडवतं. १९८७ मध्ये अमेरिकेत लोवास्टॅटिनला मंजुरी मिळाली. पण त्याच वाटेवर पुढे कोएन्झाइम क्यू-१० सुद्धा बनतं, आणि स्नायूंना ऊर्जेसाठी ते लागतं. म्हणजे ते वरून दिलं की काम झालं? मर्क कंपनीने १९९० मध्ये या जोडगोळीची पेटंटंही घेतली. पण पेटंट म्हणजे पुरावा नव्हे. पुढच्या चाचण्यांचे निकाल उलटसुलट आले.

भीती मात्र उगाच नव्हती. २००१ मध्ये बायरला सेरिव्हास्टॅटिन बाजारातून मागे घ्यावं लागलं. स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडं निकामी झाली, माणसं दगावली. इतर स्टॅटिन्समध्ये असा प्रकार फार दुर्मिळ, पण नाव बदनाम झालंच.

आता काकांचं व्हिटॅमिन डी. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत नव्याने स्टॅटिन सुरू केलेले २,०८३ जण होते. काहींना रोज व्हिटॅमिन डी, काहींना नुसती दिखाऊ गोळी. २०२२ मध्ये निकाल आला : स्नायूदुखीची तक्रार दोन्हीकडे ३१ टक्के!

त्याहून चक्रावणारा प्रयोग २०२० चा, ब्रिटनमधला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने दिखाऊ, काही महिने काहीच नाही. स्टॅटिनवर जितका त्रास झाला, त्याचा सुमारे ९० टक्के दिखाऊ गोळीवरही झाला. म्हणजे दुखणं खोटं नव्हतं, आरोपी बहुतेक वेळा चुकीचा होता.

आम्ही प्रोग्रामर लोक हे रोज भोगतो. लॉजिक कितीही गोड वाटलं, तरी टेस्ट केल्याशिवाय खरं नाही.

हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पण माझी पोटरी दुखते त्याचं काय?" प्रश्न रास्तच होता. त्यांचा त्रास खरंच गोळीमुळे असूही शकतो. म्हणून सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. रक्तातलं सीके तपासू, डोस किंवा औषध बदलायचं का ते विचारू. मनाने गोळी बंद नाही आणि मनाने व्हिटॅमिन सुरू नाही, एवढं कबूल करून घेतलंय.

काकांना कोण सांगणार, हा प्रश्न आहेच. असो!