आशाताई घरी येते तेव्हा...

मागच्या महिन्यात गावी, इंझोरीला गेलो होतो. पुतण्याला दुसरी मुलगी झाली. बाळंतीण आणि बाळ दवाखान्यातून घरी आलेले, सातवा दिवस होता. सकाळी आशाताई आली. तिला बघताच मी आणि पुतण्या सवयीने उठून ओसरीवर आलो. बायकांचं काम, आपण कशाला मधे!

पण ओसरीवर सगळं ऐकू येत होतं. तिने बाळाला झोळीच्या काट्यात घालून वजन केलं, ताप बघितला, दूध पिण्याबद्दल विचारलं, वहीत लिहून घेतलं. मग जरा थांबून सूनबाईला म्हणाली, "झोप येते का वं रातीले? लेकरू लय रडते तवा काय करतं तू?"

सूनबाई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. माझी थोरली तीन महिन्यांची असताना एका रात्री तिचं रडणं थांबेना. मी पाळण्याला असा काही झोका दिला की बायकोने धावत येऊन पाळणा धरला. मुलीला काही झालं नाही, नशीब. पण त्या रात्री मी तिच्यावर चिडलो होतो, अगदी मनापासून. आजवर ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. कुणी विचारलंही नाही म्हणा.

घरी जाऊन असं विचारल्याने मुलांना होणारा मार, हेळसांड खरंच कमी होते का? मुंबईला परतल्यावर या प्रश्नाच्या मागे लागलो आणि त्याचा इतिहासच हाती आला.

सुरुवात होते न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा नावाच्या छोट्या शहरात. डेव्हिड ओल्ड्स हा तरुण मानसशास्त्रज्ञ आधी बाल्टिमोरच्या एका पाळणाघरात काम करत होता. तिथे येणारी काही मुलं चार वर्षांची व्हायच्या आतच दुखावलेली असत. त्याच्या लक्षात आलं की आपण फार उशिरा पोचतोय, गर्भारपणातच त्या घरात जायला हवं. 1977 मध्ये एल्मायरात काम सुरू झालं. 400 पहिलटकरणी निवडल्या. बऱ्याचशा कोवळ्या वयाच्या, एकट्या किंवा गरीब. कुणाच्या घरी नर्स जाणार आणि कुणाच्या नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. नर्स गर्भारपणात सरासरी 9 वेळा आणि बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत सरासरी 23 वेळा गेली.

आता कुणी म्हणेल, मदत करायची तर सगळ्यांना करा, चिठ्ठ्या कशाला? मलाही आधी तसंच वाटलं. पण बघा, नर्स ज्या घरात जाते तिथलं तिला दिसतं, म्हणून तिथल्या तक्रारी जास्त नोंदल्या जातात. जिथे कुणी जात नाही तिथलं झाकलेलंच राहतं. नुसत्या नोंदी मोजल्या तर नर्समुळेच मार वाढला असं वाटायचं! सारख्याच परिस्थितीतली दुसरी घरं शेजारी ठेवून, बरीच वर्षं धीर धरून मोजल्याशिवाय हे कळत नाही.

पहिल्या दोन वर्षांत गरीब, अविवाहित, किशोरवयीन आयांपैकी नर्स न गेलेल्या 19 टक्के घरांत छळ किंवा हेळसांड सिद्ध झाली, नर्स गेलेल्या घरांत 4 टक्के. पुढची दोन वर्षं मात्र नोंदींत फरकच दिसेना. मुलांना होणाऱ्या इजा तेवढ्या कमी होत्या. मुलं 15 वर्षांची झाल्यावर, 1997 मध्ये पुन्हा हिशोब मांडला तेव्हा नर्स गेलेल्या घरांतल्या तक्रारी जवळजवळ निम्म्या निघाल्या.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण 2000 मध्ये त्याच एल्मायराच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या घरात बाईलाच वारंवार मारहाण होत होती, तिथे नर्सच्या भेटींचा मुलांना उपयोग झालेला दिसला नाही. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये, जिथे छळ आधीच होऊन गेला होता अशा 163 कुटुंबांत नर्स पाठवल्या. 2005 चा निकाल असा की छळ पुन्हा होण्यात फरक पडला नाही. इंग्लंडने हीच योजना 1,645 किशोरवयीन आयांवर तपासली. तिथे नेहमीच्या सरकारी सेवा आधीच बऱ्या होत्या, आणि 2015 च्या निकालात मुख्य अपेक्षांपैकी एकही पुरी झाली नाही. म्हणजे कुणी, कधी आणि कुठल्या घरात जायचं यावर बरंच काही अवलंबून आहे.

आता आपल्याकडे या. आमच्या वाशिमहून पूर्वेला, विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाला तपासत, ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखून औषध देत. 39 गावांत हे काम आणि 47 गावांत फक्त मोजणी. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांकडे पाहता, काम झालेल्या गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. 2011 पासून देशभरच्या आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातात, त्याचं मूळ इथे आहे. आमच्या ओसरीवर ऐकू आलेली ती सातव्या दिवसाची भेट गडचिरोलीहून आली होती तर!

2018 पासून त्यात तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटींची भर पडली. आहार, लसी, हात धुणं, बाळाशी खेळणं, बोलणं, हे सगळं त्यात येतं.

गडचिरोलीत मोजलं ते मरण, आणि ते मोजायलाच हवं होतं. मार मोजणं त्याहून अवघड. 2007 मध्ये केंद्र सरकारने 13 राज्यांत मुलांच्या छळाची पाहणी केली, महाराष्ट्रही त्यात होता. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. घरात मार खाल्लेल्यांपैकी बहुतेकांना आईबापांनीच मारलं होतं. पण ती मुलं 5 ते 18 वर्षांची होती. पाळण्यातलं लेकरू कुणाला काय सांगणार?

म्हणून मला आशाताईचा तो प्रश्न मोलाचा वाटतो. दार उघडलेलं आहे, चहा ठेवला जातो, विश्वास आहे. त्या दारातून काय न्यायचं आणि त्याने काय बदललं, हे एल्मायरासारखं, गडचिरोलीसारखं धीराने मोजायला हवं. आणि आशाताईच्या वहीचं ओझं, तिचा तुटपुंजा मोबदला यांचाही विचार त्यातच व्हायला हवा. आणखी एक रकाना वाढवला की काम झालं, असं नको.

आणि आपण पुरुष? ती आली की आपण उठून बाहेर. एल्मायरात जिथे नर्स हरली, तिथे बाईवर हात उचलला जात होता. रात्री पाळण्याजवळ आपणही असतो, मग प्रश्न एकट्या बाळंतिणीलाच का?

पुतण्याला फोन करून माझ्या त्या रात्रीची गोष्ट सांगितली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, मलेबी तसंच होते कधी कधी."

चौदाव्या दिवशी आशाताई आली तेव्हा तो ओसरीवर गेला नाही. आत बसून राहिला म्हणे. सूनबाईनेच फोनवर सांगितलं.