पेंडीऐवजी युरिया

युरिया हा मुळात मूत्रातला पदार्थ. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत बनवला. पण युरिया गोठ्यात पोचला तो वेगळ्याच वाटेने. चाऱ्यातला बराच नायट्रोजन प्रथिनांच्या रूपात नसतो. मग त्याचं जनावराच्या पोटात होतं काय, या प्रश्नामागे जर्मन पशुपोषणतज्ज्ञ लागले होते. १८९१ साली नाथान झुंट्स यांनी त्याचं उत्तर सुचवलं: हा नायट्रोजन जनावर नव्हे, त्याच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव वापरतात.

ही सगळी किमया त्या कोठीपोटातच घडते. मोठ्या जनावराच्या या पोटात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. युरिया तिथे पडला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि त्याच अमोनियातून आपल्या शरीराची प्रथिनं बांधतात. पुढे चाऱ्याबरोबर हे जिवाणूच चौथ्या पोटात आणि आतड्यात जाऊन पचतात. बैलाच्या अंगावर मांस चढतं ते या जिवाणूंच्या प्रथिनांवर. निसर्गाने ही सोय आधीच करून ठेवली आहे, हे विशेष: गाय आपल्या रक्तातला युरिया लाळेवाटे पुन्हा पोटात पाठवत असते.

शास्त्र वहीतून बाहेर आलं ते टंचाईमुळे. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीने जर्मनीत प्रथिनांसाठी चारली जाणारी परदेशी पेंड येईनाशी झाली, तेव्हा तिथे युरिया चारण्याचे प्रयोग जोमाने झाले. कारखान्यात अमोनिया बनवण्याची रीत हाताशी होतीच. १९२०च्या दशकात त्यापासून युरियाही मोठ्या प्रमाणावर निघू लागला.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एडविन हार्ट आणि सहकाऱ्यांनी १९३९ साली वाढत्या वासरांवरचे निष्कर्ष छापले. कमी प्रथिनांच्या खुराकात युरिया मिसळला, तर वासरं चांगली वाढत होती. पाठोपाठ दुसरं महायुद्ध आलं, पेंड पुन्हा दुर्मिळ झाली. ड्यूपाँट कंपनीने पशुखाद्यासाठी काढलेल्या युरियाचं नावच 'टू-सिक्स्टी-टू' होतं. त्यात ४२ टक्के नायट्रोजन; नायट्रोजनावरून प्रथिनं मोजण्याच्या रीतीप्रमाणे ते ६.२५ने गुणलं की प्रथिनांच्या हिशेबात २६२ टक्के!

मांसासाठी गुरं पोसणाऱ्या अमेरिकेच्या मका-पट्ट्यात युरिया रुजला, त्यामागे मका आहे. अमोनियाचं प्रथिन करायला जिवाणूंना ऊर्जा लागते, ती मक्यातल्या पिष्टातून मिळते. एक पौंड युरिया आणि सहा पौंड मका मिळून सात पौंड सोयापेंडीचं काम करतात, हा तिथला जुना हिशेब. नुसत्या वाळक्या चाऱ्यावर उभ्या जनावराला मात्र युरियाचा फायदा फारच कमी.

आणि धोका खरा आहे. खुराकात युरिया नीट मिसळला नाही किंवा उपाशी जनावराने तो एकदम गिळला, तर अमोनिया रक्तात शिरतो. अंग थरथरतं, पोट फुगतं, जनावर तासा-दोन तासांत दगावतं. अशा वेळी थंड पाणी आणि व्हिनेगर पाजतात, म्हणजे अमोनिया आम्लात अडकून राहतो. एकूण नायट्रोजनापैकी एक-तृतीयांशाहून जास्त युरियातून देऊ नये, हा दंडक त्यातूनच पडला. कच्चं सोयाबीनही सोबत नको. त्यातलं युरिएज हे विकर युरिया फोडतं आणि खाद्याला अमोनियाचा उग्र दर्प येतो.

युरियावर किती मजल मारता येते, ते फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन या नोबेलविजेत्याने १९६६ साली दाखवलं. जवळजवळ प्रथिनविरहित खुराकावर, युरिया आणि अमोनियम क्षारांच्या जोरावर, त्याच्या गाई दूध देत होत्या. तरीही पेंड इतिहासजमा झाली नाही, आणि ते योग्यच. झपाट्याने वाढणाऱ्या कोवळ्या जनावराची गरज एकटे जिवाणू भागवू शकत नाहीत.

भारतात हे तंत्र मांसापेक्षा दुधाच्या वाटेने आलं. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे रोनाल्ड लेंग आणि आणंदचं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी युरिया, उसाची मळी आणि खनिजांची चाटणवीट पुढे आणली. वीट मुद्दाम कडक ठेवतात. जनावर ती चावून संपवू शकत नाही, चाटत राहतं. त्यामुळे मळीतली साखर आणि युरिया दिवसभर थोडाथोडाच पोटात जातो.