दोन आठवड्यांचा मानसोपचार

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की "याला येरवड्याला पाठवा" असं म्हणतात. मुंबईकर त्याच माणसाला ठाण्याला पाठवतात, कोकणातले रत्नागिरीला आणि विदर्भातले नागपूरला. सरकारची चार जुनी मनोरुग्णालयं नेमकी या चार गावांत, त्यामुळे बिचाऱ्या गावांच्या नावांचीच थट्टा झाली. येरवड्यात तर शेजारी जेलही आहे. नुसतं "येरवड्याला गेलाय" म्हटलं की नेमका कुठे, हे पुन्हा विचारावं लागतं!

हा शेजार योगायोगाचा नाही. त्यावर येतोच, पण आधी हे सगळं डोक्यात का आलं ते सांगतो. माझी भाची एमबीबीएस करत होती. २०१९ साली डॉक्टरकीचा जो नवा अभ्यासक्रम आला त्यात 'इलेक्टिव्ह' नावाचा एक प्रकार आहे. तिसऱ्या वर्षाचा पहिला भाग संपला की विद्यार्थ्याने आपल्या आवडीचा विभाग निवडायचा, तिथे एका शिक्षकाच्या हाताखाली काम करायचं आणि लॉगबुक भरायचं. नियम आला तेव्हा यासाठी एकेक महिन्याचे दोन भाग ठेवले होते, पुढे हा काळ कमी केला गेला. भाचीने त्यात मानसोपचार निवडला आणि आमच्या ताईचा मांजरीला फोन आला.

"अरे, तूच समजाव तिला. एवढे मार्क पाडले आणि शेवटी वेड्यांची डॉक्टर व्हायचं म्हणते."

मागून भाचीचा आवाज, "आई, इलेक्टिव्ह आहे गं, लग्न नाही!"

मी समजावलं वगैरे काही नाही. मला प्रश्न पडला तो वेगळाच. ज्या शहरात १८७८ पासून वैद्यकीय शाळा होती, १९४६ पासून बी. जे. मेडिकल कॉलेज आहे, १९४८ पासून एएफएमसी आहे, आणि शेजारीच आशियातल्या सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत गणलं जाणारं, अडीच हजार खाटांचं येरवड्याचं रुग्णालय आहे, त्या शहरात डॉक्टर होणाऱ्या मुलांना मनाचे आजार शिकवायचे हे इतकं उशिरा का सुचावं?

आता तो जेलचा शेजार. १८५८ च्या कायद्याने इंग्रजांनी हिंदुस्थानात वेड्यांची इस्पितळं कशी चालवायची ते ठरवलं. हेतू उपचारांपेक्षा बंदोबस्ताचा जास्त. रस्त्यावर फिरणारा वेडा हा पोलिसांचा विषय, मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला की त्याला आत ठेवायचं. ही इस्पितळं १९०५ पर्यंत तुरुंगांच्या इन्स्पेक्टर जनरलच्या ताब्यात होती. मग ती सिव्हिल सर्जनकडे आली, १९१२ साली नवा 'लुनसी ॲक्ट' आला, आणि १९२० नंतर 'असायलम' हा शब्द जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आलं. पाटी बदलली, भिंतीची उंची तीच राहिली. १९१२ चा तो कायदा आपण १९९३ पर्यंत चालवला, कारण १९८७ चा मेंटल हेल्थ ॲक्ट प्रत्यक्ष अमलात यायला सहा वर्षं लागली.

अशा जागी विद्यार्थी शिकायला कसे येणार? विलायतेत जॉन कोनोलीने हानवेलच्या असायलममध्ये १८४२ च्या सुमारास वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्ण दाखवून व्याख्यानं द्यायला सुरुवात केली होती. रुग्णांना साखळ्यांनी बांधणं बंद करणारा म्हणून त्याचं नाव होतंच. बर्लिनला १८६५ मध्ये ग्रीझिंगर आला आणि मनाचे आजार हे मेंदूचे आजार आहेत, ते विद्यापीठाच्या दवाखान्यात शिकवले पाहिजेत, असा आग्रह त्याने धरला. आपल्याकडे असं काही झालं ते रांचीला, तेही मुख्यतः युरोपियन रुग्णांसाठी बांधलेल्या इस्पितळात. बर्कली-हिल नावाचा तिथला अधीक्षक मोठा खटपट्या. त्याने १९२२ मध्ये लंडन विद्यापीठाच्या डिप्लोमासाठी त्या इस्पितळाला मान्यता मिळवली. पण ते पदवीनंतरचं शिक्षण. साध्या एमबीबीएसच्या मुलाला त्याचा उपयोग शून्य.

१९४६ चा भोर समितीचा अहवाल (हे भोर आपलं पुणे जिल्ह्यातलं भोर नव्हे, समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर) या बाबतीत वाचण्यासारखा आहे. चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या, म्हणजे चाळीस हजार माणसांमागे एक. इंग्लंडमध्ये तेव्हा तीनशे माणसांमागे एक होती. समितीने सांगितलं की नुसत्या खाटा वाढवून भागणार नाही, माणसं शिकवावी लागतील. त्यातून १९५४ मध्ये बंगलोरची संस्था उभी राहिली, तीच पुढे निम्हान्स झाली. पुन्हा तज्ज्ञच. गावातल्या डॉक्टरचं काय, हा प्रश्न तसाच.

माझ्या पिढीतले डॉक्टर मित्र त्यांच्या शिक्षणाबद्दल सांगतात ते असं. मानसोपचाराची ओळख म्हणजे मनोरुग्णालयाची एक भेट. बसने जायचं, वॉर्डातून फिरायचं, कुणी हसतंय, कुणी भिंतीकडे तोंड करून उभं आहे, कुणी "माझ्या भावाला चिठ्ठी द्या" म्हणून हात धरतंय. परत येताना बसमध्ये थोडी थट्टा, थोडी शांतता. झालं शिक्षण. "राणीच्या बागेत गेल्यासारखं वाटलं होतं," असं एक मित्र म्हणाला, आणि म्हणताना त्याला बरं वाटलं नव्हतं.

या भेटीचा खरा तोटा थट्टेत नव्हता. तिथे मुलांना दिसायचे ते वर्षानुवर्षं राहिलेले, घरच्यांनी टाकलेले रुग्ण. जे चार आठवड्यांत बरे होऊन घरी गेले ते दिसणार कसे? ते तर घरी गेलेले! त्यामुळे डॉक्टर होणाऱ्या पोराच्या मनात पक्कं बसायचं की हे आजार बरे होत नसतात. टीबीचे फक्त शेवटच्या अवस्थेतले रुग्ण दाखवून टीबी शिकवला तर जे होईल तेच इथे होत होतं.

आणि जे बरे होऊ शकत होते ते होते कुठे? ते साध्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत रांगेत उभे होते. हे ज्यांनी ओळखलं त्यांत पहिलं नाव कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांचं. त्यांनी १९३३ मध्ये तिथल्या आर. जी. कर कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी सुरू केली. मुंबईत १९३८ ला जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांनी ती सुरू केली. मग केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी विभाग उभा केला. जनरल हॉस्पिटलमध्ये, हृदयरोग आणि हाडांच्या वॉर्डाशेजारी मानसोपचार, ही आज साधी वाटणारी गोष्ट आहे. तेव्हा ती मोठी होती. रुग्णाला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागत नव्हता, आणि विद्यार्थ्याला बस लागत नव्हती. वाहियांनी पुढे पतंजलीच्या योगसूत्रांवर आधारलेली एक उपचारपद्धती करून पाहिली आणि तिचे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत छापले. योगाचं हल्लीसारखं पेव फुटण्याच्या कितीतरी आधी, १९६०-७० च्या दशकांत.

याच केईएमची आणखी एक गोष्ट. डॉ. रुस्तम जाल वकील हे तिथले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा रक्तदाबावर कशी चालते यावर ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. सर्पगंधा म्हणजे आपल्याकडची जुनीच मुळी, वेडावर देत असत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच तिचे हे दोन्ही गुण लिहून ठेवले होते. तिच्यातलं रेझर्पीन १९५२ मध्ये वेगळं काढलं गेलं, आणि न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइनने १९५४ मध्ये ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. पुढे त्याच काळात पॅरिसहून आलेल्या क्लोरप्रोमाझिनने त्याला मागे टाकलं, ते सोडा. पण औषधाने रुग्ण शांत होतो, बोलू लागतो, हे एकदा दिसल्यावर शिकवण्यासारखं काही तरी हातात आलं. त्याआधी शिकवायचं काय होतं, आजारांची नावं?

पुण्याच्या बी. जे. मधून १९६०च्या दशकात एक विद्यार्थी बाहेर पडला, दिलीप जेस्ते. मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतचे. शाळकरी वयातच फ्रॉइडची सामान्य वाचकांसाठी लिहिलेली पुस्तकं हाती लागली आणि मेंदूचं वेड लागलं, असं ते सांगतात. केईएमला मानसोपचार शिकले, १९७४ मध्ये अमेरिकेला गेले आणि २०१२ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले, आशियाई वंशाचे पहिलेच. मनोविकारांच्या वर्गीकरणाचा जगभर वापरला जाणारा डीएसएम-५ हा ग्रंथ मे २०१३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत प्रसिद्ध झाला. अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. पण मला राहून राहून वाटतं की कॉलेजात पाऊल टाकायच्या आधीच पुस्तकाने ज्याला हा विषय दाखवला, असा मुलगा लाखात एक. बाकीच्यांना तो कॉलेजनेच दाखवायला हवा होता.

असो. येरवड्यातही सगळा अंधार होता असं नाही. तिथल्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती अनिल अवचट (तेही बी. जे. चेच एमबीबीएस) यांनी १९८६ मध्ये त्याच आवारात मुक्तांगण सुरू केलं. पु. ल. देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. ब्राउन शुगरच्या विळख्यातून सुटलेले रुग्णच तिथे पुढे समुपदेशक झाले. मला याचं विशेष वाटतं ते असं, की रुग्ण हा शिक्षक होऊ शकतो ही गोष्ट मेडिकल कॉलेजच्या आधी त्यांना कळली.

आता जरा आमच्या मांजरीचं. मांजरी म्हणजे परवापरवापर्यंत गावच, २०२१ ला महापालिकेत आलो. द्राक्ष संशोधन केंद्र, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, उपबाजारात येणाऱ्या भाजीच्या गाड्या, आणि मधूनमधून उगवलेले टॉवर. दवाखाने बक्कळ. आमच्या गल्लीतल्या एक मावशी चार-पाच वर्षं त्यातल्या निम्म्या दवाखान्यांत फिरल्या. अंग दुखतं, हातापायांची आग होते, छातीत धडधडतं. कुणी ताकदीचं इंजेक्शन दिलं, कुणी सलाईन लावलं, ईसीजी झाला, थायरॉइड झालं, दोनदा एक्स-रे झाला. सगळं 'नॉर्मल'. घरचे म्हणू लागले, नाटकं करते. शेवटी एका मोठ्या रुग्णालयात इंटर्नशिप करणाऱ्या पोरीने विचारलं, "मावशी, झोप कशी लागते? पहाटे जाग येते का? रडू येतं?" मावशी तिथेच रडायला लागल्या. मुलगा गेल्यापासून असं होत होतं. त्याबद्दल इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

त्या आधीच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. त्यांना शिकवलंच तेवढं होतं. १९९७ च्या नियमांत साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात मानसोपचाराला दोन आठवड्यांचं पोस्टिंग आणि वीस तासांची व्याख्यानं होती, इंटर्नशिपमध्ये तो ऐच्छिक विषयांच्या यादीत. परीक्षेत वेगळा पेपर नाही. मेडिसिनच्या पेपरात एखादा प्रश्न यायचा, तो सोडला तरी पास होता येत होतं. विद्यार्थी हिशेबात पक्के असतात हो. दोन आठवडे म्हणजे लायब्ररीत बसून बाकीचे विषय उरकायची सुट्टी. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, जी १९४७ पासून आहे, वर्षानुवर्षं वेगळा पेपर मागत राहिली.

यात एक सरकारी गाठही आहे. आपल्याकडे मेडिकल कॉलेजं वैद्यकीय शिक्षण खात्याची आणि मनोरुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याची. ससून आणि येरवडा यांच्यात अंतर चार-पाच किलोमीटरचं, मध्ये एक नदी आणि दोन मंत्रालयीन विभाग. नदीवर पूल आहे.

दरम्यान ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली. दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमात साखळीने बांधलेले मनोरुग्ण जळाले, २८ जण गेले. नावाच्या साधर्म्याने पुण्यातल्या कित्येकांना आधी ते येरवडाच वाटलं होतं. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने लक्ष घातलं. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने १२ राज्यांत पाहणी केली (महाराष्ट्र त्यात नव्हता), तेव्हा दिसलं की बहुतेक मनोविकारांत दहापैकी सात किंवा त्याहूनही जास्त रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, आणि लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. २०१७ चा नवा कायदा आला. म्हणजे तज्ज्ञ पुरणार नाहीत हे भोर समितीपासून माहीत असलेलं पुन्हा एकदा कळलं. उरतो तो गल्लीतला डॉक्टरच.

२०१९ च्या अभ्यासक्रमात मानसोपचाराचे तास वाढले. २०२१ च्या नियमांनी इंटर्नशिपमधले दोन आठवडे सक्तीचे झाले. आणि हे इलेक्टिव्ह.

भाचीचं लॉगबुक मी पाहिलं. रुग्णांची नावं अर्थातच नव्हती. पहिल्या पानांवर मोठमोठे शब्द होते, स्किझोफ्रेनिया, बायपोलर. पुढे पुढे नोंदी साध्या होत गेल्या: 'पोटदुखी, सहा महिने, तीन डॉक्टर.' 'चक्कर, सीटी स्कॅन नॉर्मल, नवरा पितो.' 'दहावीचा मुलगा, डोकेदुखी.' यातले बरेचसे मेडिसिनच्या ओपीडीतून पाठवलेले होते, म्हणजे कुणीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, "मग आता एमडी यातच का?"

"नाही मामा, मला मुलांचं डॉक्टर व्हायचंय. पण आईला एवढ्यात सांगू नकोस."

तिच्या परीक्षेतही मानसोपचाराचा वेगळा पेपर नव्हताच. प्रश्न मेडिसिनच्या दुसऱ्या पेपरात, त्वचारोगांच्या शेजारी.