आंबलेली आमटी आणि तक्रारीची वाट



आजच्या गप्पांची सुरुवात एका ताटापासून करू. जिल्ह्याच्या गावाला बचत गटांचं प्रदर्शन होतं. पापड, शेवया, चटण्या विकून आम्ही अकराजणी परत निघालो. उन्हाची वेळ, पोटात कावळे. रस्त्याकडेच्या एका हॉटेलात शिरलो आणि प्रत्येकीनं एक थाळी सांगितली. स्वतःच्या कमाईच्या पैशानं सगळ्यांनी मिळून हॉटेलात जेवायची आमच्यातल्या कित्येकींची ती पहिलीच वेळ होती.

ताट आलं. भाकरी गार, भाजीत नुसतं तेल, आणि आमटीचा पहिला घास घेतला तर ती आंबलेली. आम्ही एकमेकींकडे बघत बसलो. एक म्हणाली, "जाऊ दे, अन्नाला नावं ठेवू नयेत." दुसरी म्हणाली, "फुकट जेवतोय का? पैसे मोजणार आहोत." तिसरी म्हणाली, "चारचौघांत तमाशा नको." शेवटी एकीनं धीर केला आणि वाढणाऱ्या पोराला सांगितलं, "दादा, आमटी खराब झालीय."

पोरानं मालकाला हाक मारली. मालक आला, पण आमच्याशी बोललाच नाही. आत वळून ओरडला, "ओ मावशी, बाहेर या!" पदराला हात पुसत एक वयस्क बाई बाहेर आल्या. मालकानं आमच्यासमोर त्यांना नको नको ते सुनावलं आणि आजची हजेरी कापतो म्हणाला. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही. पैसे दिले आणि बाहेर पडलो.

गाडीत आमचंच भांडण जुंपलं. बोललो ते चुकलं, की गप्प बसलो असतो तर ते चुकलं असतं? आमच्यातली एकजण शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरांनी ताटात टाकलेली खिचडी मला तक्रारच वाटते. पण तांदूळ काही मी आणत नाही. जो येतो तो मी शिजवते."

तिचं ते बोलणं आमच्या डोक्यातून जाईना. मग आम्ही ठरवलं की जेवणाबद्दलच्या तक्रारीचा इतिहास काय सांगतो ते बघायचं. महिनाभर वाचलं, जाणत्यांना विचारलं. जे सापडलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट खाणावळीची. मुंबईत १८५० नंतर कापडगिरण्या सुरू झाल्या. कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून गडीमाणसं कामाला गेली. बायकापोरं बहुतेक गावीच राहिली. एकेका खोलीत कितीतरी गडी राहायचे. त्यांना जेवू कोण घालणार? मग गिरणगावातल्या बायकांनी आपल्याच चुलीवर खाणावळी चालवल्या. कुणी विधवा, कुणाचा नवरा आजारी, तर कुणाच्या घरी एका पगारात भागत नव्हतं. पहाटे उठून चपात्या, भाकऱ्या, कालवण. जेवणारे पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायचे.

आता विचार करा. पैसे महिन्याच्या शेवटी येणार, पण पीठ, डाळ, तेल, रॉकेल आजच लागणार. म्हणून बाई वाण्याकडून उधारीवर माल घ्यायची, नाहीतर सावकाराकडून व्याजानं पैसे. उधारीवर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला "डाळ किडकी का दिलीस?" असं विचारायची सोय नसते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी तिची गत. इकडे ताटावर बसलेला गडी म्हणणार, "आज आमटी पातळ आहे." त्याचंही खोटं नव्हतं. बारा-बारा तास उभं राहून काम करणाऱ्याला चांगलं जेवण पाहिजेच. पण त्याची तक्रार बाईपाशी येऊन थांबायची. वाण्यापर्यंत, सावकारापर्यंत ती पोचतच नव्हती. मधल्यामध्ये बाई बोल खायची.

हे बदललं ते प्रेमा पुरव यांच्यामुळे. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. गोवा मुक्तीच्या लढ्यात होत्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत आल्या. सत्तरच्या दशकातल्या गिरणी संपात त्यांनी बघितलं की कामगारांना पगार नाही, तरी खाणावळवाल्या बायका त्यांना जेवू घालत आहेत आणि स्वतः कर्जात बुडत आहेत. संप कामगारांचा म्हणून सगळ्यांना ठाऊक होता. तो ज्यांच्या चुलीवर तगला, त्या बायका कुणाच्या लेखी नव्हत्या. प्रेमाताईंनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. एकीनं दुसरीची हमी घ्यायची. आज आपण बचत गटात जे करतो, त्याचीच ही आधीची वाट. हातात रोख पैसे आले की बाई वाण्याला सांगू शकते, "ही डाळ नको, ती दे." म्हणजे आमटी सुधारायची तर आधी आमटी करणारीला बोलायची ताकद मिळावी लागते.

आता दुसरी गोष्ट. ही मुंबईच्याच कुलाब्याची आहे, आणि ती ऐकून आम्ही थक्क झालो. इंग्रजांच्या नौदलाची तिथे 'तलवार' नावाची शाळा होती. नाव जहाजासारखं, पण ती होती जमिनीवर, बिनतारी संदेशाचं काम शिकवणारी. तिथल्या आपल्या पोरांना जेवण खराब मिळायचं. गोऱ्या खलाशांपेक्षा पगार कमी, वर अधिकाऱ्यांच्या शिव्या. पोरांनी तक्रारी केल्या. शिवीगाळीविरुद्ध तर रीतसर लेखी अर्ज केले. पण दखल घ्यायची सोडून त्यांनाच दरडावलं गेलं.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी सकाळी त्यांनी न्याहारीला हात लावायचं नाकारलं. चांगलं जेवण नाही, तर काम नाही. बघता बघता हा संप मुंबईच्या बंदरातल्या जहाजांवर पसरला, मग कराचीला, आणखी बंदरांना. ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० नौसैनिक त्यात उतरले. त्यांच्या मागण्यांत चांगलं जेवण होतं, गोऱ्यांइतका पगार होता, आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटकाही होती.

२२ फेब्रुवारीला त्यांच्या पाठिंब्यासाठी मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले. सरकारनं गोळ्या चालवल्या. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मेली. परळला झालेल्या गोळीबारात परळ महिला संघाच्या कमल दोंदे ठार झाल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. त्यांच्याबरोबर अहिल्या रांगणेकरही होत्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. २३ फेब्रुवारीला सरदार पटेलांसारख्या पुढाऱ्यांच्या सल्ल्यावरून नौसैनिकांनी संप मागे घेतला. नंतर सरकारनं चौकशी आयोग नेमला, तेव्हा खराब जेवणाची तक्रारही त्यात आलीच.

जेवण हे त्या उठावाचं एकमेव कारण नव्हतं. स्वातंत्र्याची ओढ तर होतीच. पण तक्रार वेळीच ऐकली नाही, वर शिव्या दिल्या, की ती कुठवर जाते ते यातून कळतं.

तिसरी गोष्ट आपल्या आई-आजीच्या काळातली. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर गेलेल्या, सुकडी आणि मिलो ज्वारी खाल्लेल्या बायका अजून आपल्या गावात आहेत. त्या वर्षी शहरात धान्य, तेल, साखर, रॉकेल महाग झालं, मिळेनासं झालं. मुंबईत वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. मृणाल गोरे पुढे होत्या, आणि त्याच अहिल्या रांगणेकर. हजारो बायका हातात लाटणं आणि थाळी घेऊन रस्त्यावर आल्या. लाटण्यानं थाळी वाजवायची आणि मंत्र्यांना जाब विचारायचा.

यातली खुबी बघा. घरात आमटी पातळ झाली, तर बोलणी बाईलाच बसतात. त्या बायकांनी ती बोलणी उचलली आणि जिथे भाव ठरतात, जिथून रेशन सुटतं, तिथे नेऊन ठेवली. तक्रार तीच, पण पत्ता बदलला. पुढे १९७७ मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई दोघी लोकसभेत निवडून गेल्या.

याच सुमारास, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पैसे मोजणाऱ्या माणसाला हक्क असतात, हे तिथून गावोगाव सांगितलं जाऊ लागलं. मग १९८६ मध्ये देशाचा ग्राहक संरक्षण कायदा आला. २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. २०१९ मध्ये नवा कायदा झाला. आता आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. खाण्याच्या भेसळीचा कायदा १९५४ चा होता. त्याच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला. हॉटेलात आणि बिलावर परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो, तो याच कायद्यामुळे.

हे सगळं वाचून आम्ही परत त्या आंबलेल्या आमटीकडे आलो. आमची शंका होती की बोलावं की नाही. इतिहास सांगतो, बोलावं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. अन्नाला नावं ठेवू नयेत हे खरं, पण शिळं अन्न विकणाऱ्याला जाब विचारणं म्हणजे अन्नाला नावं ठेवणं नव्हे. आपण बायका घरात शेवटी जेवतो. उरलेलं, करपलेलं, कधी विटलेलंसुद्धा आपल्या ताटात येतं आणि आपण ते गोड मानून घेतो. तीच सवय हॉटेलात आपल्याबरोबर गेली होती.

पण आमची चूक दुसरीकडे झाली. मालकानं तक्रार मावशींवर ढकलली तेव्हा आम्ही गप्प राहिलो. आमटी केव्हा करायची, किती करायची, उरली तर टाकायची की परत तापवायची, हे ठरवतो मालक. गल्ल्यावर तो बसतो. त्याला आम्ही म्हणायला हवं होतं, "मावशींना कशाला बोलता? हॉटेल तुमचं आहे, आम्ही तुम्हाला सांगतोय. त्यांची हजेरी कापू नका. आम्हाला ताजी आमटी द्या, नाहीतर थाळीचे पैसे कमी करा." अकराजणी होतो आम्ही. अकराजणींचं मालकानं ऐकलं असतं. तेवढं बोलायला आम्हाला सुचलं नाही, याची खंत आहे.

म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही चार गोष्टी ठरवल्या आणि वहीत लिहून ठेवल्या.

एक, पहिल्या दोन घासांतच सांगायचं. ताट संपवून मग तक्रार केली तर तिला वजन राहत नाही.

दोन, चव आवडली नाही आणि अन्न खराब आहे, या दोन गोष्टी वेगळ्या. मीठ कमी, तिखट जास्त, हे हसतमुखानं सांगावं आणि सोडून द्यावं. आंबलेलं, विटलेलं, किडकं असेल तर मात्र खायचं नाही आणि सोडायचंही नाही.

तीन, गल्ल्यावर जाऊन मालकाशी बोलायचं. वाढणाऱ्या पोराला आणि शिजवणाऱ्या बाईला मध्ये घ्यायचं नाही. मालकानं घेतलं तर आपण त्यांच्या बाजूनं उभं राहायचं.

चार, बिल मागून घ्यायचं. मालकानं ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा. अन्नातून कुणाला बाधा झाली तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं.

आमच्या खिचडीवाल्या मैत्रिणीनं पाचवी गोष्ट सुचवली. तिच्या शाळेत पोरांच्या आयांनी महिन्यातून एकदा येऊन खिचडी चाखावी, तांदूळ-डाळीचं पोतं उघडून बघावं, आणि माल खराब असेल तर तिच्याबरोबर मुख्याध्यापकांकडे यावं. "मी एकटी बोलले तर माझंच काम जाईल," ती म्हणाली. "तुम्ही आलात तर तांदूळ बदलेल." पुढच्या सोमवारी आमच्यातल्या चौघीजणी जाणार आहोत.

तुमच्या गावात असं काही घडलं असेल, कुणी बोललं असेल किंवा बोलायचं राहून गेलं असेल, तर गटाच्या बैठकीत सांगा आणि आम्हालाही कळवा. आणि मैत्रिणींनो, बाहेर जेवायला गेलात तर आत चुलीपाशी कोण उभी आहे, ते एकदा डोकावून बघा. जेवण चांगलं असेल तर तेही तिला सांगून या. राम राम.