सालबाईची सही आणि पुण्याची मंजुरी

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची ठिणगी पडली ती आपल्या सुरतेत. मार्च १७७५ मध्ये पेशवेपदाच्या हव्यासापोटी राघोबादादांनी येथे इंग्रजांशी तह केला आणि फौजेच्या मोबदल्यात साष्टी-वसई देऊ केली. सात वर्षांनी, १७ मे १७८२ रोजी, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. युद्ध तेथेच संपले असे सर्रास म्हटले जाते. आम्हांस ते पटत नाही. नाना फडणविसांनी मंजुरी महिनोन् महिने लांबविली. इंग्रजांविरुद्ध हैदरअलीशी केलेली जूट त्यांना सहजी मोडवेना. ७ डिसेंबरला हैदर वारला, तेव्हा कोठे पुणे दरबार वळला. वसई परत मिळाली, साष्टी मात्र गेली ती गेलीच. दादांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली, पेशवेपद नव्हे.